वधापूर्वीची मूर्च्छा आणि कोकराच्या मांसाची प्रत

मांसाच्या दुकानात येणारे गिऱ्हाईक बहुधा एकच प्रश्न विचारते : कोवळे आहे ना? या प्रश्नात जनावराचे वय अभिप्रेत असते. फार तर ते रानात चरलेले की दावणीला बांधून पोसलेले, एवढे अधिक विचारले जाते. वय आणि चारा यांचा मांसावर परिणाम होतो यात शंका नाही. तथापि एकाच कळपातील, एकाच वयाची आणि एकच चारा खाल्लेली दोन कोकरे घेतली, तरी एकाचे मांस फिकट तांबडे, ओलसर आणि मऊ, तर दुसऱ्याचे काळपट, चिकट आणि चिवट असे पुष्कळदा आढळते. हा भेद वयातून आलेला नसतो, चाऱ्यातूनही नाही. त्याचे मूळ जनावराच्या अखेरच्या एक-दोन दिवसांत आणि मृत्यूनंतरच्या पहिल्या चोवीस तासांत शोधावे लागते.

या कालावधीच्या ऐन मध्यावर काही सेकंदांचा एक टप्पा येतो. गळ्यावर सुरी फिरण्यापूर्वी जनावराला बेशुद्ध करण्याची पद्धत अनेक देशांत रूढ आहे. तिला आपण वधपूर्व मूर्च्छा म्हणू. ही मूर्च्छा कशासाठी, असे विचारले तर तिच्या पुरस्कर्त्यांचे उत्तर सरळ आहे : जनावराला सुरीची वेदना कळू नये म्हणून. परंतु वाद सुरू झाला की तो या एका मुद्द्यापाशी थांबत नाही. मूर्च्छेने मांस बिघडते, रक्त अंगातच राहते, असे एक पक्ष सांगतो. मूर्च्छेमुळे जनावर घाबरत नाही, म्हणून मांस अधिक चांगले होते, असे दुसरा पक्ष सांगतो. दोन्ही विधाने इतक्या ठामपणे केली जातात की ऐकणाऱ्याला ती प्रयोगाने सिद्ध झालेली वाटावीत. प्रत्यक्षात प्रयोग काय सांगतात ते पाहण्यापूर्वी, मेलेल्या जनावराच्या स्नायूत काय घडते हे समजून घेतले पाहिजे.

स्नायूचे मरणोत्तर आयुष्य

स्नायू हा जनावराबरोबर तत्क्षणी मरत नाही. रक्ताभिसरण थांबले की त्याला प्राणवायू मिळेनासा होतो, पण त्याची रासायनिक घडामोड काही तास चालूच राहते. स्नायूत ग्लायकोजेन नावाची साखर साठवलेली असते. प्राणवायू असताना ती पूर्णपणे जळते. तो नसताना ती अर्धवट मोडते आणि तिच्यापासून लॅक्टिक आम्ल तयार होते. जिवंत शरीरात हे आम्ल रक्ताबरोबर वाहून जाते, मृत शरीरात ते जागच्या जागी साचते. त्यामुळे स्नायूची आम्लता वाढत जाते. आम्लता मोजण्याचे जे पीएच मूल्य, ते जिवंत स्नायूत सुमारे ७ असते. सुस्थितीतील कोकराच्या मांसात ते वधानंतर चोवीस तासांत ५.५ च्या आसपास उतरते. (पीएच मूल्य जितके कमी, तितकी आम्लता अधिक, हे ध्यानात ठेवावे.)

ही साखर मोडत असता स्नायूला आवश्यक ती ऊर्जा एटीपी या संयुगाच्या रूपाने मिळत राहते. स्नायूतील तंतू एकमेकांवरून सरकतात आणि पुन्हा सुटे होतात ते या एटीपीच्या बळावर. साठा संपला की तंतू एकमेकांत अडकून बसतात आणि सारे शरीर ताठ होते. यालाच मरणोत्तर काठिण्य म्हणतात. त्यानंतर स्नायूतीलच कॅल्पेन नावाची पाचक द्रव्ये तंतूंचे जोड हळूहळू सैल करतात आणि मांस पुन्हा मऊ होत जाते. मांस थंड जागी काही दिवस टांगून ठेवण्याची पाश्चात्त्य प्रथा याच कारणाने पडली आहे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. मांसाची अंतिम आम्लता ठरते ती मरणसमयी स्नायूत किती साखर शिल्लक होती यावर. किलोमागे साधारण आठ ते दहा ग्रॅम साठा असेल तर आम्लता हवी तितकी वाढते. जनावर लांबून पायी चालवत आणले असेल, मालमोटारीत दोन दिवस उभे राहिले असेल, उपाशी असेल, कुत्र्यांनी पळवले असेल किंवा भयाने बेजार झाले असेल, तर हा साठा आधीच खर्ची पडलेला असतो. मग आम्ल पुरेसे तयार होत नाही आणि पीएच मूल्य ६ च्या वर अडकून राहते. असे मांस काळपट दिसते, हाताला चिकट लागते, पाणी घट्ट धरून ठेवते, आणि आम्लता कमी असल्याने त्यावर जंतू लवकर वाढतात. शिजायला ते नेहमीच वाईट असते असे नाही, परंतु टिकत नाही आणि डोळ्यांना आवडत नाही. गिऱ्हाईक ते म्हाताऱ्या जनावराचे समजते.

अंतिम आम्लता ही एक बाब, आणि ती किती वेगाने वाढते ही दुसरी. दोन्हींची गल्लत करू नये. साठा किती, हे वधापूर्वीच्या दिवसांत ठरते. तो किती झपाट्याने मोडेल, हे मात्र मृत्यूच्या वेळच्या स्नायूंच्या हालचालीवर आणि त्यानंतरच्या तापमानावर अवलंबून असते. वधपूर्व मूर्च्छेचा प्रभाव मुख्यत्वे या दुसऱ्या बाबीवर पडतो. कारण मूर्च्छा म्हणजे निश्चल झोप नव्हे. तिच्यात बहुधा मोठे आचके येतात.

मूर्च्छेच्या पद्धती

मेंढ्या-कोकरांसाठी वापरात असलेल्या वा तपासल्या गेलेल्या पद्धती प्रामुख्याने तीन आहेत. पहिली पिस्तुलाची. या पिस्तुलातून गोळी सुटत नाही. काडतुसाच्या दाबाने एक पोलादी दांडा पुढे येतो, कवटी फोडतो आणि परत मागे जातो. धक्क्यानेच मेंदूचे काम तत्काळ थांबते. शिंगे नसलेल्या मेंढीच्या टाळूवर हे पिस्तूल टेकवतात, शिंगांच्या मेंढ्याला शिंगांच्या मागून लावावे लागते. ही मूर्च्छा खात्रीची असली तरी ती परत न येणारी आहे, आणि तिच्यानंतर पाय जोराने झाडले जातात. गुरांच्या मेंदूच्या सांसर्गिक रोगाने युरोपात हाहाकार उडवल्यानंतर आणखी एक शंका पुढे आली : दांड्याच्या आघाताने मेंदूचे सूक्ष्म कण रक्तात शिरून अन्यत्र जात असतील काय? पिस्तुलाच्या छिद्रातून सळई घालून मज्जारज्जू नष्ट करण्याची जुनी रीत युरोपीय संघाने २००१ पासून बंद केली, ती याच भीतीपोटी.

दुसरी पद्धत वायूची. कर्बद्विप्राणिद वायूच्या दाट मिश्रणात जनावर नेले की ते बेशुद्ध होते. डुकरांसाठी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर चालते. कोकरांवर तिचे प्रयोग झाले ते मुख्यतः स्पेनमध्ये, मांचेगा जातीच्या लहान कोकरांवर. हा वायू दाट असताना हुंगणे जनावराला त्रासदायक होते, हा तिच्यावरील आक्षेप खोडून काढता आलेला नाही, आणि व्यवहारात मेंढ्यांसाठी ती फारशी रुळलेली नाही.

तिसरी पद्धत विजेची. कोकरांच्या बाबतीत खरी चर्चा हिच्याविषयीच करायला हवी. नांतच्या लेदुक या वैद्यकाने १९०२ मध्ये विजेच्या प्रवाहाने प्राण्यांत बेशुद्धी आणता येते असे दाखवले. पुढे खाटीकखान्यासाठी चिमट्याची योजना झाली. चिमट्याची दोन टोके डोक्याच्या दोन बाजूंना, डोळा व कान यांच्या दरम्यान, दाबतात आणि दोन-तीन सेकंद प्रवाह सोडतात. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमांप्रमाणे मेंढ्या-शेळ्यांसाठी हा प्रवाह किमान १ अँपिअर असावा लागतो. ऐकायला सोपे असले तरी मेंढीच्या अंगावर लोकर असते आणि लोकर विजेला अडवते. म्हणून चिमट्याला टोकदार खिळे बसवतात, जागा ओली करतात. चिमटा नीट बसला नाही तर जनावराला झटका बसतो, पण मूर्च्छा येत नाही. हा प्रकार मूर्च्छा न देण्याहून वाईट होय.

प्रवाह नीट गेला तर मेंदूत अपस्माराच्या झटक्यासारखी स्थिती उत्पन्न होते. प्रथम सारे शरीर ताठ होते, मान मागे वळते, श्वास थांबतो. दहा-वीस सेकंदांनी ताठपणा ओसरून पाय वेगाने झाडले जातात. पाहणाऱ्याला हे दृश्य वेदनेचे वाटते आणि अनेकांचा विजेच्या मूर्च्छेला असलेला विरोध या दृश्यातूनच उगवलेला असतो. पण झटका आलेल्या अपस्माराच्या रोग्याला त्या क्षणाची आठवण नसते, हे आपल्याला ठाऊक आहे. जनावराचा गळा कापला नाही तर थोड्याच वेळात त्याचा श्वास सुरू होतो आणि काही मिनिटांत ते उठून उभे राहते. म्हणूनच प्रवाह दिल्यापासून पंधरा सेकंदांच्या आत सुरी चालली पाहिजे, असा दंडक आहे.

याच पद्धतीचा एक दुसरा प्रकार आहे. त्यात एक टोक डोक्याला आणि दुसरे पाठीला लावतात. प्रवाह मेंदूतून आणि हृदयातूनही जातो, हृदय बंद पडते, जनावर पुन्हा उठत नाही. पाठीच्या कण्यातून वीज गेल्यामुळे पाय झाडणेही पुष्कळ कमी होते. कामगाराच्या दृष्टीने हे सोयीचे. मांसाच्या दृष्टीने काय, ते पुढे पाहू.

न्यूझीलंडचा अनुभव

कोकराच्या मांसाचा इतका बारकाईने अभ्यास न्यूझीलंडइतका क्वचितच कोठे झाला असेल. त्याचे कारण व्यापारी आहे. १८८२ च्या फेब्रुवारीत ‘डनेडिन’ नावाचे शिडाचे जहाज सुमारे पाच हजार गोठवलेली धडे घेऊन पोर्ट चामर्स बंदरातून निघाले आणि ९८ दिवसांनी लंडनला पोचले. माल जवळजवळ सारा चांगला निघाला, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाच्या या देशाचे भवितव्य कोकराच्या मांसाशी जोडले गेले. १९५५ मध्ये हॅमिल्टनजवळ मांसोद्योगासाठी एक स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली.

या संस्थेपुढे आलेले मोठे कोडे मूर्च्छेचे नव्हते, थंडीचे होते. गोठवण्याची यंत्रे जसजशी कार्यक्षम झाली तसतसे मांस अधिक चिवट होऊ लागले. लॉकर आणि हॅगयार्ड या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये याचा उलगडा केला. काठिण्य येण्यापूर्वीच स्नायू फार थंड झाला तर तो आक्रसतो. १४ ते १९ अंश सेल्सिअस या दरम्यान आक्रसणे सर्वांत कमी असते. शून्याच्या जवळ ते इतके वाढते की सुटा स्नायू जवळपास अर्धा होतो. मार्श आणि त्याच्या सहकाऱ्याने पुढे दाखवले की लांबी पाचव्या हिश्शापर्यंत घटली तर मांस फारसे बिघडत नाही, पण दोन-पंचमांश घटली तर चिवटपणाची परिसीमा होते. गोठवण्यापूर्वी धडे काही काळ उबदार ठेवावीत हा एक उपाय होता, परंतु रोज हजारो धडे हाताळणाऱ्या कारखान्यात तो महाग पडतो.

दुसरा उपाय विजेने पुरवला. अठराव्या शतकाच्या मध्याला बेंजामिन फ्रँकलिनने विजेच्या धक्क्याने टर्की पक्षी मारले होते आणि त्यांचे मांस विलक्षण कोवळे लागते अशी नोंद केली होती. सुमारे सव्वादोनशे वर्षांनी, १९७३ मध्ये, कार्स याने न्यूझीलंडमध्ये कोकराच्या ताज्या धडातून विजेचे ठोके सोडून दाखवले. मेलेल्या स्नायूंना वीज आकुंचन पावायला लावते, साखर झपाट्याने मोडते, आणि एरवी अर्धा दिवस घेणारी आम्लता काही थोड्या तासांत येते. काठिण्य लवकर आले की मग थंडी स्नायूला आक्रसवू शकत नाही.

वधापूर्वीची वीज बेशुद्धीसाठी आणि वधानंतरची कोवळेपणासाठी, हे दोन वेगळे हेतू झाले. स्नायूला मात्र हेतू कळत नाही. कोणत्याही कारणाने वीज आली, आचके आले, तर त्याची साखर मोडणारच. केवळ डोक्याला प्रवाह दिलेल्या कोकराच्या स्नायूत आम्लता थोडी लवकर वाढू लागते, ती आचक्यांमुळे. हे स्वतः वाईट नाही. थंड हवेच्या देशात ते हिताचेही ठरते. परंतु मूर्च्छेची वीज, मग पाय झाडणे थांबवण्यासाठी दिलेली वीज, मग कोवळेपणासाठी दिलेली वीज, अशी भर पडत गेली तर मांस गरम असतानाच फार आम्लधर्मी होते. मग त्यातील प्रथिने बिघडतात, रंग फिकट होतो आणि पाणी गळू लागते. म्हणून कारखान्याने या सर्व विजेचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. मूर्च्छेची पद्धत चांगली की वाईट हा प्रश्न अशा रीतीने तिच्यापुढे काय येते यावर अवलंबून राहतो.

विजेच्या मूर्च्छेचा एक दोष मात्र निर्विवाद आहे, तो म्हणजे रक्तठिपक्यांचा. झटक्याच्या वेळी सारे स्नायू एकदम आवळतात, रक्तदाब अकस्मात चढतो आणि केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. श्वासपटल, पोटाची भिंत, पाठीचे स्नायू यांत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसू लागतात. चवीत त्यांनी काही फरक पडत नाही. परंतु मांस रोगट असल्याचा भास होतो, ठिपक्यांचा भाग कापून टाकावा लागतो आणि निर्यातदाराला तोटा बसतो. गळा कापताच दाब उतरतो, म्हणून मूर्च्छा आणि सुरी यांतील अंतर जितके कमी तितके ठिपके कमी. डोके व पाठ या प्रकारात हृदयच बंद पडत असल्याने दाब चढून राहत नाही आणि ठिपके पुष्कळ कमी होतात, असे गिल्बर्ट आणि डिव्हाइन यांनी १९८२ मध्ये न्यूझीलंडच्या कोकरांवरील अभ्यासात मांडले. केवळ मांसाची प्रत पाहिली असती तर या देशाने हाच दुसरा प्रकार सर्वत्र स्वीकारला असता.

पण तसे झाले नाही. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणने आयात मांस इस्लामी रीतीनेच कापलेले असले पाहिजे अशी अट घातली, आणि इराण त्या काळात न्यूझीलंडच्या कोकरांचा मोठा ग्राहक होता. इस्लामी रीतीत जनावर सुरीखाली येताना जिवंत असले पाहिजे आणि सुरीनेच मेले पाहिजे. हृदय बंद पाडणारी मूर्च्छा त्यामुळे बाद झाली. केवळ डोक्याला प्रवाह देण्याचा प्रकार राहिला. या मूर्च्छेतून कोकरू पुन्हा उठते, याचाच अर्थ ती मृत्यूचे कारण नव्हे. ज्याला शंका असेल त्याला न कापलेले कोकरू उठून चालू लागलेले दाखवता येते. या आधारावर अनेक मुस्लिम देशांनी ही पद्धत मान्य केली. काहींना ती आजही मान्य नाही. न्यूझीलंडमध्ये मात्र अगदी थोडे अपवाद वगळता व्यापारी वधापूर्वी मूर्च्छा देणे हा नियमच झाला. रक्तठिपक्यांचा धोका पत्करून, सुरी लवकर चालवून तो आटोक्यात ठेवायचा, असा हा व्यवहार होता. शास्त्र आणि धर्म यांच्या झगड्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. येथे दोघांनी वाटाघाट केली आणि व्यापाऱ्याने ती घडवून आणली, ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

रक्ताचा प्रश्न

मूर्च्छेविरुद्धचा सर्वांत जुना आक्षेप रक्ताविषयीचा आहे. बेशुद्ध जनावराचे रक्त पुरते वाहत नाही, ते मांसात राहते आणि मांस दूषित होते, असे सांगितले जाते. हा समज केवळ एका धर्माच्या लोकांत आहे असे नाही. पुष्कळ खाटीकही अनुभवाच्या आधारावर तसे म्हणतात.

वस्तुस्थिती अशी की, कोणत्याही पद्धतीने शरीरातील सारे रक्त बाहेर पडत नाही. साधारणपणे निम्म्याच्या आसपास रक्त वाहून जाते. ते जनावराच्या वजनाच्या तीन ते पाच टक्के भरते. उरलेले रक्त बहुतांशी यकृत, फुप्फुसे अशा अवयवांत राहते, स्नायूंत फार थोडे असते. हृदय चालू असेल तर रक्त पहिल्या काही सेकंदांत वेगाने उडते, बंद असेल तर जरा संथ वाहते. परंतु पुरेसा वेळ जनावर टांगून ठेवले तर अखेरची बेरीज फारशी वेगळी होत नाही. ब्रिस्टल विद्यापीठातील हलूक अनिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मेंढ्यांवरील एक तुलना प्रसिद्ध केली. काही मेंढ्या मूर्च्छेविना, काही पिस्तुलाच्या मूर्च्छेनंतर आणि काही विजेच्या मूर्च्छेनंतर कापण्यात आल्या होत्या. वाहिलेल्या रक्तात आणि मांसाच्या प्रतीत त्यांना उल्लेखनीय फरक आढळला नाही.

या निष्कर्षाकडे दोन्ही पक्षांनी नीट पाहावे असे वाटते. मूर्च्छेने रक्त अडून राहते हे म्हणणे त्यातून टिकत नाही. पण मूर्च्छेशिवाय कापलेल्या जनावराचे मांस निकृष्ट असते, हे उलट बाजूचे म्हणणेही टिकत नाही. सुरी धारदार असेल, हात तरबेज असेल आणि जनावर शांत असेल, तर त्या मांसात उणे काढता येत नाही.

मग मूर्च्छेचा आग्रह का धरावा? याचे उत्तर मांसात नाही, जनावराच्या मेंदूत आहे. १९८४ मध्ये ग्रेगरी आणि वॉटन यांनी मेंढ्यांच्या मेंदूतील विद्युत्संदेश मोजले. डोळ्यावर पडलेल्या प्रकाशाला मेंदू प्रतिसाद देतो की नाही, हे त्यावरून कळते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या मुख्य धमन्या व शिरा कापल्यानंतर हा प्रतिसाद नाहीसा होण्यास सरासरीने सुमारे १४ सेकंद लागले. एकच बाजू कापली गेली तर हा काळ कितीतरी लांबतो. गाईबैलांत तो आणखी लांबू शकतो, कारण त्यांच्या मेंदूला मानेच्या मणक्यांतून जाणाऱ्या धमन्यांचेही रक्त मिळते. मेंढीत तशी सोय नाही. प्रतिसाद असतो तोवर जनावराला जाणीव असतेच असे नाही, पण ती नसल्याची खात्रीही देता येत नाही. या चौदा सेकंदांचे मोल प्रत्येकाने आपापल्या विवेकाने ठरवायचे आहे. ते मांसाच्या तराजूत टाकून ठरवण्याचा प्रयत्न मला तरी फसवा वाटतो. विजेने मांस बिघडले असते, तर चौदा सेकंदांची वेदना क्षम्य ठरली असती काय? आणि मांस सुधारले असते, तर ज्याची श्रद्धा तिला नकार देते त्याने ती सोडली असती काय?

आपल्याकडील स्थिती

भारतात या प्रश्नाला निराळे रूप आहे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या २८ व्या कलमाने, एखाद्या समाजाच्या धर्माला आवश्यक अशा रीतीने प्राण्याचा वध करणे हा त्या अधिनियमाखाली गुन्हा ठरत नाही. २००१ च्या कत्तलखान्यांविषयीच्या नियमांनी एका जनावराचा वध दुसऱ्याच्या देखत करण्यास मनाई केली. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या विनियमांत वायू, आघात आणि वीज या तिन्ही मार्गांनी मूर्च्छा देण्याचा उल्लेख आहे. कागदावर एवढे आहे. गल्लीतल्या दुकानात, जेथे देशातील पुष्कळसे शेळ्यामेंढ्यांचे मांस विकले जाते, तेथे चिमटाही नाही आणि पिस्तूलही नाही. हलाल आणि झटका यांपैकी कोणते मांस रुचकर, यावर मात्र तावातावाने वाद होतात. आतापर्यंत जे पाहिले त्यावरून, या वादाचा निकाल लावण्याइतका फरक एकाच कळपातील दोन विसावलेल्या जनावरांच्या मांसात सापडण्याची शक्यता कमी आहे.

आणखी एक भेद आहे. आपल्याकडे मटण सहसा टांगून ठेवत नाहीत. पहाटे कापलेले जनावर दुपारच्या आत चुलीवर चढते. गोठवणे नसल्यामुळे थंडीने आक्रसण्याचा प्रश्न येत नाही, आणि कॅल्पेनला काम करायला वेळही मिळत नाही. काठिण्य येण्यापूर्वी शिजवलेले मांस मऊ लागते, ऐन काठिण्यात शिजवलेले चिवट लागते. गृहिणी मटण कच्च्या पपईत वा दह्यात मुरवत ठेवते. पपईचा रस कॅल्पेनचेच काम उसने करतो, आणि मुरवण्यात काही तास जातात तेही उपयोगी पडतात. अशा स्वयंपाकघरात न्यूझीलंडच्या कारखान्याने घडवलेले बारीकसारीक फरक जिभेला कळणे कठीण.

काळे मांस मात्र येथेही कळते आणि जुना खाटीक ते धड सोलतानाच ओळखतो. दमलेल्या जनावराचा माल म्हणून तो बाजूला टांगतो आणि आधी विकून टाकतो, कारण संध्याकाळपर्यंत त्याला वास येईल हे त्याला माहीत असते. राजस्थानातून मालमोटारीत दाटीवाटीने भरून मुंबईला उतरवलेल्या जनावरांत असे मांस निघणे स्वाभाविक आहे. रात्रभर विसावा आणि पाणी दिले तर त्यांची तहान भागते, भीतीही काहीशी ओसरते. स्नायूतील साखर मात्र एका रात्रीत भरून येत नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्यात ती सावकाश साठते, आणि चांगला चारा मिळाला तरी त्याला काही दिवस लागतात. कत्तलखान्याच्या आवारात तेवढे दिवस जनावर पोसणे कोणत्याच व्यापाऱ्याला परवडत नाही.